माझ्या परवानगीशिवाय

३ फेब्रुवारी, सोमवार
समन्स आलं. हॉस्पिटलची लिफ्ट कोसळली आणि आमचा लिफ्टमन गेला, त्याची सरकारी चौकशी. मी मेन्टेनन्स सुपरवायझर, म्हणजे मुख्य साक्षीदार! हिला म्हटलं, राखाडी सूट काढ. ही म्हणाली, लग्नाला नाही चाललात. असो. हिला कायद्यातलं काय कळतं!

४ फेब्रुवारी
हिचा भाऊ वकील. न बोलावता आला. म्हणे, साक्षीदारालाही हक्क असतात. वकील बरोबर नेता येतो. जे उत्तर आपल्याच अंगाशी येईल ते द्यायला नकार देता येतो. जबाब वाचल्याशिवाय सही करायची नाही. मी म्हटलं, वकील चोराला लागतो. कर नाही त्याला डर कशाला? चहा अर्धा टाकून गेला. आगाऊ मेला.

७ फेब्रुवारी
मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. स्वतः खुर्ची पुढे केली! म्हणाले, हॉस्पिटल खरं तर तुम्हीच चालवता, तिथे ठणकावून सांगा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी कदर केली. ब्रेक घसरतोय हे लिफ्टमनने मला सांगितलं होतं, मी साहेबांना. ते म्हणाले होते, चालू दे. पण आता ते उकरून काढणं बरं दिसत नाही.
संकल्प: मोजकं बोलायचं.

१० फेब्रुवारी, दुपार
फत्ते! कारकून हक्क वाचून दाखवायला लागला. मी हातानेच थांबवलं, म्हटलं, मला लपवायचं काही नाही. चौकशी अधिकारी गोड माणूस. विचारलं, लिफ्ट चालू ठेवायची की बंद, कोण ठरवतं? मी म्हटलं, माझ्या परवानगीशिवाय तिथे पानही हलत नाही. सगळे भराभर लिहायला लागले. सही न वाचताच ठोकली. लिफ्टमनची बायको मागच्या बाकावर होती, एकटक बघत होती. छाप पडली असावी.

११ फेब्रुवारी
साहेबांची साक्ष. दोन वकील घेऊन आले. भित्रट! प्रत्येक प्रश्नाला वकील उठायचा, साहेब उत्तर देणार नाहीत. शेवटी साहेब एवढंच म्हणाले, ते सुपरवायझरांनी काल सांगितलंच आहे. बघा, माझाच आधार घ्यावा लागला.

१८ फेब्रुवारी
सस्पेन्ड. वर नवं समन्स. यात मी साक्षीदार नाही, आरोपी आहे. काहीतरी टायपिंगची चूक. साहेब फोन घेत नाहीत. मीटिंगमध्ये असतील.
नसतील मीटिंगमध्ये. हरामखोर आहे तो माणूस. ब्रेकचं त्याला सांगितलं ते तोंडी, बंद केबिनमध्ये. साक्षीला कोण, भिंती?
हिच्याकडून मेव्हण्याला फोन करवला. तो म्हणाला, गप्प बसायचा हक्क अजून शिल्लक आहे, तेवढा तरी सांभाळा. ही म्हणाली, यांना जन्मात जमलंय का?

२० फेब्रुवारी
जमलं.
चौकशीच्या ऑफिसबाहेर लिफ्टमनची बायको भेटली. भांडली नाही. एवढंच विचारलं, भाऊ, हे तुम्हाला ब्रेकचं सांगत होते ना? घरी येऊन म्हणायचे, सुपरवायझर साहेबांच्या कानावर घातलंय, आता काळजी नाही.
मेव्हण्याने माझं कोपर दाबलं. मी गप्प बसलो. हक्कच आहे माझा.
ती बराच वेळ उभी होती. मग बसस्टॉपकडे गेली.