महिला शौचालयाला चाके असल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
तपासणी समिती, ‘निर्मळ अंगण’ गाव स्पर्धा,
जिल्हा बुलढाणा.

अर्जदार : धम्मशीला चंद्रशेखर तायडे, निवृत्त आरोग्य सेविका, रा. मौजे बोरखेड आमराई, पिंपळगाव राजा रस्ता.

विषय : मौजे बोरखेड आमराई येथील सार्वजनिक महिला शौचालयास चाके असल्याबाबत, व सदर शौचालय जागेवर न सापडल्यास समितीने घाबरून न जाण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या समितीस सादर झालेला, हार घातलेल्या शौचालयाचा फोटो.
२) अर्जदाराने ग्रामपंचायतीस वेळोवेळी दिलेले अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय, आणि समितीत एखादी महिला सदस्य असल्यास आधी त्या,

अर्जदार ही आरोग्य सेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली आहे. सोनाळ्यापासून धामणगाव बढेपर्यंतच्या पट्ट्यातली खेडी तिने पायी आणि एसटीने तुडवली. बाया गोळा करून ‘शौचालय बांधा, शौचालय वापरा’ असे सांगणे हा तिच्या कामाचा भाग होता, आणि ते तिने घसा बसेपर्यंत सांगितले. मात्र उपकेंद्राच्या ज्या खोलीतून ती हे सांगायला निघे, तिथल्या संडासात बहुतेक वेळा ब्लीचिंग पावडरीच्या गोण्या रचलेल्या असत. म्हणून सकाळी घर सोडल्यापासून परत येईपर्यंत पाणीच प्यायचे नाही, अशी सवय तिने अंगी लावून घेतली. पुढे मूतखडे झाले. एवढ्या शिकल्या नर्सबाईला पाणी प्यायचे कळत नाही का, म्हणून डॉक्टरांनी चारचौघांत सुनावले. अर्जदार नुसती हसली. ते हसणे डॉक्टरांना कळले नाही. बाजूच्या खाटेवरच्या बाईला कळले.

अर्जदाराचे पती श्री. चंद्रशेखर तायडे हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत. जन्मभर लोकांना तिकिटे फाडून दिली, स्वतः हौसेने कुठे गेले नाहीत. नोकरी सुटल्यावर त्यांनी लोणार, अजिंठा आणि जमलेच तर बोधगया असा बेत मांडला. अर्जदार एवढेच म्हणाली, “येईन. पण रस्त्यात मी बसू कुठी, ते आंधी सांगा.” चंद्रशेखर गप्प झाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत, एवढ्या बाया गाडीत बसवून नेताना, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता, हे त्यांनी नंतर स्वतःहून कबूल केले आहे.

गप्प बसलेला माणूस मोबाइल पाहतो. त्यात पाहता पाहता त्यांना समजले, की चाकांवरचे घर सुट्या भागांत मिळते; भाग जोडायचे, जीपच्या मागे अडकवायचे आणि निघायचे. त्यात झोपायला फळी, स्वयंपाकाला ओटा, आणि मुख्य म्हणजे आत संडास. अर्जदाराने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. ओटा तिने पाहिलाच नाही.

माल ट्रकने आला तेव्हा अर्धे गाव दारात जमले. कोणी म्हणाले थ्रेशर आहे, कोणी म्हणाले मुलीच्या लग्नाचा रुखवत आहे. अर्जदारास मुलगी नाही, हे गावास माहीत असूनही हा तर्क बराच वेळ टिकला. खोक्यांतून लोखंडी सांगाडा, आस, चाके, पत्र्याच्या भिंती, छत आणि बोल्टांच्या पिशव्या निघाल्या. सोबतच्या पुस्तकात अक्षर नव्हते, फक्त चित्रे होती. प्रत्येक चित्रात एक माणूस हातात पाना धरून हसत होता. चंद्रशेखर त्या माणसावर विसंबले. सुटायची वेळ झालेल्या गाडीसारखी घाई करत त्यांनी भिंती उभ्या केल्या, आणि खिडकी संडासातून स्वयंपाकघरात उघडू लागली. अर्जदाराने पाना काढून घेतला. जखमेला टाके घालावेत तसे एकेक बोल्ट सोडवून तिने सगळे पुन्हा जोडले, आणि पतीस बोल्ट हातात देण्याच्या कामावर नेमले. शेजारच्या अंबूबाई, ज्या वांगी-मेथी पिकवतात आणि बाजारात स्वतः विकतात, रोज टोपले उतरवून कुंपणापाशी उभ्या राहत आणि विचारत, “बाई, दवाखाना बांधून राह्यल्या का?”

ज्या दिवशी संडासाचा डबा बसला आणि टाकीचे पाणी खळखळून आले, त्या दिवशी अर्जदार आत गेली, झाकण खाली केले आणि त्यावर उगाच बसून राहिली. बाहेर उभे राहून कोणी खाकरले नाही. बराच वेळ झाला म्हणून चंद्रशेखरांनी, बरी आहेस ना, म्हणून विचारले. अर्जदार बरी होती. इतकी बरी ती पूर्वी कधी होती, ते तिला आठवेना.

इथपर्यंत अर्जदाराची कोणाबद्दल तक्रार नाही.

वाहन नोंदणीच्या कचेरीत गेल्यावर सांगण्यात आले, की तपासणीसाठी गाडी इथे आणा. आणू म्हटले, तर नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणाल तर जप्त होईल. मग तपासणी कशी, असे विचारले असता, गाडी आणा, असे सांगण्यात आले. त्या टेबलावरचे साहेब सभ्य होते. त्यांनी हे तिन्ही वेळा न चिडता सांगितले.

गाडी त्यामुळे अंगणात उभी राहिली. उभ्या वस्तूकडे ग्रामपंचायतीचे लक्ष जातेच. ग्रामसेवक श्री. अविनाश यांनी येऊन पाहणी केली. भिंती आहेत, छत आहे, दार आहे, चूल आहे, म्हणजे हे घर आहे, असा निष्कर्ष काढून त्यांनी घरपट्टी लावली. बांधकामाची परवानगी का घेतली नाही, म्हणून नोटीसही दिली. त्यांच्या नोंदीत ‘पाया’ या रकान्यात ‘रबरी’ असे लिहिलेले आहे. नंबराची पाटी ठोकण्यासाठी त्यांनी नव्या पत्र्याला भोके पाडली. पाऊस आला तर त्यातून पाणी आत येईल, हे त्यांच्या नजरेस आणले असता, घर म्हटले की गळणारच, असे त्यांचे म्हणणे पडले.

यानंतर आपली स्पर्धा जाहीर झाली.

गावात महिलांसाठी सार्वजनिक शौचालय हवे, अशी आपली अट आहे. बोरखेड आमराईत ते आहे. स्टँडामागे आहे, फार वर्षांपासून आहे, त्यास दार नाही, आणि आत सरपंच श्री. अर्जुनराव यांच्या शेतातल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या छतापर्यंत रचलेल्या आहेत. सरपंच हे विचारी गृहस्थ आहेत. पऱ्हाट्या काढण्यापेक्षा फोटो दुसऱ्या ठिकाणी काढणे सोपे, हे त्यांच्या ध्यानात आले. अर्जदार पतीसह खामगावला बाजारास गेलेली असताना गाडीवर ‘ग्रामपंचायत महिला शौचालय’ असे फ्लेक्स बांधण्यात आले, हार घालण्यात आला आणि गाडी जीपला अडकवण्याच्या कड्यावर नारळ फोडण्यात आला. कडे वाकले. संध्याकाळी परत आल्यावर अर्जदारास आपल्या अंगणात एक सार्वजनिक मालमत्ता उभी असल्याचे दिसले. गाव ज्यावर पहिल्या फेरीत निवडले गेले, तो फोटो हाच.

हरकत घेतल्यावर सरपंच स्वतः घरी आले, चहा घेतला. गावाच्या इज्जतीचा सवाल आहे, समिती येऊन जाईपर्यंत गाडी हलवू नका, असे त्यांनी गोडीने सांगितले. हलवली तर सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान होईल, हे ग्रामसेवकांनी कमी गोडीने सांगितले, आणि हे सार्वजनिक शौचालय असल्याचा दाखलाही हातात ठेवला. आणि सफाईचे काय, असे चंद्रशेखरांनी विचारले, तेव्हा उठता उठता सरपंच म्हणाले, “ते तुमच्याकडचंच कोणी पाह्यून घेईन ना.”

‘तुमच्याकडचंच’ या शब्दाचा अर्थ समितीच्या माहितीसाठी उलगडून सांगण्याची गरज अर्जदारास वाटत नाही. अर्जदाराच्या आजोबांना तो कळत असे, आणि त्यांना तो ऐकून घ्यावा लागे. अर्जदारास शाळा मिळाली, म्हणून तिने तो जसाच्या तसा येथे लिहिला आहे. सरपंचांचा त्या दिवशीचा कप तिने दुपारपर्यंत विसळला नाही, एवढेच तिच्याकडून कमीजास्त झाले.

यापुढची गोष्ट सरपंचांच्याही हिशेबात नव्हती. फ्लेक्सवर ‘महिला’ असे छापलेले होते आणि ते महिलांनी वाचले. पहाटे सर्वांत आधी अंबूबाई डबा घेऊन आल्या. परवानगी त्यांनी ग्रामपंचायतीची मागितली नाही, अर्जदाराची मागितली, तीही मान खाली घालून. जन्मभर ज्या बायांना ‘वापरा’ म्हणून सांगितले, त्यांच्यापैकी एक दारात उभी असताना ‘नको’ म्हणायला अर्जदाराची जीभ वळली नाही. मग दुसऱ्या आल्या. मग रांग लागू लागली. चंद्रशेखरांनी मागे शोषखड्डा खणला. टाकी रिकामी करायला पाळी ठरली, आणि त्या पाळीत गावच्या सगळ्या आळ्यांतल्या बाया होत्या, हे अर्जदार मुद्दाम नमूद करते. एका शिकल्या सुनेने तर, इथे आल्यापासून मी सकाळी चहा प्यायला लागले, असे सांगितले. अर्जदारास ते ऐकून बरे वाटले, आणि आपले जाणे राहिले, हेही त्याच वेळी कळून चुकले. तिने पतीस सांगितले, की आता गाडी इथेच राहू द्या; इतक्या जणींच्या तोंडचे काढून आपण अजिंठा काय पाहायचा? चंद्रशेखरांनी भिंतीवर लावलेला नकाशा उतरवला आणि घडी घालून ठेवला.

हे अंबूबाईंच्या कानावर गेले. त्या संध्याकाळी टोपले न उतरवताच अंगणात आल्या. शांतपणे म्हणाल्या, “बाई, हे इथं उभं हाये तंवर कागदावर आमचं झालेलं हाये. मंग आमचं खरं कोन बांधीन, अन् काऊन बांधीन? तुमी जा. घेऊन जा हे.”

अर्जदाराने इतक्या वर्षांत पुष्कळ सभा घेतल्या. इतके नीट बोलणे तिला कुठल्या सभेत जमले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, दिवसाढवळ्या, बायांनी गाडी अंगणातून रस्त्यावर, चंद्रशेखरांनी भाड्याने आणलेल्या जीपपर्यंत ढकलली. कडे वाकलेले असल्याने ते दगडाने ठोकून सरळ करावे लागले. तेही बायांनीच केले. फ्लेक्स सोडून त्यांनी स्टँडामागच्या पऱ्हाट्यांवर बांधले, कारण ज्याची पाटी त्याच्या दारावर असावी, आणि तिथे दार नसल्याने पऱ्हाट्यांवर. सरपंच आपल्या घराच्या ओट्यावर उभे होते. ते काही बोलले नाहीत. बोलले असते, तर गावातल्या एवढ्या बायांसमोर शौचालय कुठे चालले, असे विचारावे लागले असते.

नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर आणले, हा अर्जदाराचा गुन्हा आहे व तो तिला कबूल आहे. मोताळ्याच्या पुढे नाक्यावर एका महिला कॉन्स्टेबलने जीप अडवली आणि मागच्या वस्तूचे कागद मागितले. अर्जदाराकडे होते ते तिने दिले : घरपट्टीची पावती, बांधकामाची नोटीस आणि सार्वजनिक शौचालय असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला. मुलगी बंदोबस्तावर पहाटेपासून उभी होती. तिने तिन्ही कागद वाचले, आणि शेवटचा पुन्हा वाचला. मग इकडेतिकडे पाहून हळूच विचारले, “हे खरंच हाये का आत?” अर्जदाराने दार उघडून दिले. बाहेर आल्यावर तिने दंडाची पावती रीतसर फाडली, कारण नियम तो नियम. ती अर्जदाराने भरली. नंतर तिने स्वतः पुढे जाऊन मागचा ट्रक थांबवला आणि गाडीला वाट करून दिली. कॉन्स्टेबल मुलीचे नाव अर्जदार देणार नाही. समितीने विचारू नये.

हा अर्ज अर्जदार अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी, गाडीतल्या ओट्यावर कागद ठेवून लिहीत आहे. चंद्रशेखर बाहेर चहा करत आहेत, कारण आत ओट्यावर अर्ज आहे. अर्जदाराने सकाळपासून तांब्याभर पाणी प्यायले आहे. उद्या लेणी पाहायची आहेत. बोधगयेचे अजून ठरले नाही, वाकलेल्या कड्यावर ते अवलंबून आहे.

आत्ताच अंबूबाईंचा फोन येऊन गेला. आपली समिती सोमवारी येणार, म्हणून सरपंचांनी माणसे लावून स्टँडामागच्या पऱ्हाट्या काढल्या. आत पांढरा चुना दिला, नळ आणला आणि नवे कोरे लोखंडी दार बसवले. गावात असे काम इतक्या लवकर झालेले कोणाला आठवत नाही. त्याबद्दल अर्जदार सरपंचांची आभारी आहे आणि गावाचे गुण कापू नयेत, अशी तिची शिफारस आहे.

परंतु अंबूबाई सांगतात, की दाराला कडी बाहेरूनच बसवली आहे. आतून काही नाही. मिस्त्रीस विचारले असता, शौचालय वापरात नसताना बंद राहावे, एवढेच त्यास सांगण्यात आले होते. आत कोणी असेल, हे कोणी बोलले नाही.

तरी समितीने सोमवारी पाहणी करताना आत जावे, दार ओढून घ्यावे, आणि आतून लावून पाहावे. लागत नसल्यास, तेवढी एक कडी आतून बसवण्याचा आदेश व्हावा, ही विनंती.

आपली, सध्या मुक्कामी पत्ता नसलेली, नम्र,

धम्मशीला चंद्रशेखर तायडे

मुक्काम : अजिंठा लेणी, पायथा
दिनांक : १८ जानेवारी २०२५

सोबत : घरपट्टीची पावती, दंडाची पावती, व ग्रामपंचायतीचा दाखला (मूळ प्रत, आता गरज नाही).