ओरडायचं फक्त धोका दिसला तर

१२ मार्च १९४२, सकाळी
त्साओने वही दिली. रोज एक पान लिहा म्हणाला, अक्षर सुधारेल. लिहून झालं की पान शेगडीत टाका, एकही ठेवू नका. टाकणारच होते, पण शेगडी विझली. उद्या दोन पानं एकदम टाकीन.
पहिलं पान म्हणून स्वतःबद्दल लिहिते. मी गुइफांग. वय तेवीस. नवरा आगेन शांघायच्या गोदीत हमाल होता. जपान्यांनी मारला, दोन वर्षं झाली. त्साओ माझा कोणी नाही. तो पोटमाळ्यावर यंत्र घेऊन बसतो, टकटक करतो, कुठे काय कळवतो मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही. गल्लीला सांगायचं की हा माझा नवरा, कापडाच्या दुकानात कारकून, आणि आबाओ ह्याचाच मुलगा. पकडलो तर तिघंही जाऊ. आबाओ अडीच वर्षांचा आहे.
काम तीन महिन्यांचं. मग आबाओला घेऊन निंगबोकडे, आईच्या गावी. वरचे हुकूम तेलवाला आणतो, त्याने शब्द दिलाय.
माझं काम सोपं आहे. तो वर बसला की मी दारात भाजी निवडत बसायचं. परकं माणूस गल्लीत शिरलं की आबाओवर मोठ्याने ओरडायचं. ते ऐकून तो यंत्र भिंतीत लपवणार. म्हणून एरवी ओरडायचं नाही. अजिबात नाही. मी मुळातच शांत स्वभावाची. जमेल.

१३ मार्च
ओरडले. पण चूक माझी नव्हे. समोरच्या शेन मावशीने नवऱ्याची ओली पाटलोण बांबूवर अशी घातली की पाणी थेट माझ्या डोक्यावर. परक्या पुरुषाच्या पाटलोणीचं पाणी डोक्यावर घ्यायचं आणि गप्प बसायचं? वर धडाधड आवाज. त्साओ घामाघूम होऊन खाली. अर्धा निरोप तुटला. गुइफांगबाई, धोका कुठाय, म्हणाला. मी वर बोट दाखवलं, हा काय लटकतोय.
उद्यापासून नाही ओरडणार.

२ एप्रिल, सकाळी
ह्या माणसाला अक्कल नाही. मी पेजेचा वाडगा पुढे केला तर म्हणाला, आभारी आहे. शेन मावशी दारातच उभी! ती म्हणाली, अगं बाई, हा नवरा आभार मानतो? माझ्याने बत्तीस वर्षांत ढेकर सोडून काही दिलं नाही.
ती गेल्यावर मी त्याला सांगितलं, बायकोला कोणी तुम्ही म्हणत नाही, आभार मानत नाही, अशाने मुंडकी उडतील आपली. तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे, माफ करा.
माफ करा!
मी रागावले नाही. वाडगा जरा जोरात ठेवला. फुटला. वाडगा जुनाच होता.

२० एप्रिल
आबाओ त्याला काका म्हणतो. अख्ख्या गल्लीत, मोठ्याने, काका काका. कोणाच्या तरी कानावर जायचं. मी युक्ती काढली. त्याच्याकडे बोट करून बाबा म्हटलं की खडीसाखरेचा खडा. त्साओने स्वतःच्या चहातली साखर दिली, त्याचा चहा आता कडू.
दुपारपर्यंत पोर तयार. मुलं शिकवावी तर मीच.

२३ एप्रिल
आबाओने आज पाणीवाल्याला बाबा म्हटलं. हात पुढे करून. मग भाताच्या वड्या विकणाऱ्याला. मग तेलवाल्याला. मग गल्लीतल्या कियान म्हाताऱ्याला, तो सत्तर वर्षांचा. कियानची बायको खिडकीतून म्हणाली, काय हो, ह्या वयात? गल्ली पोट धरून हसली. मी ओरडले. यंत्र भिंतीत.
साखर बंद. पोराची चूक नाही. साखरच खराब.

१२ जून
तीन महिने पुरे झाले. बोचकं बांधून ठेवलं होतं. तेलवाला म्हणाला, ताई, अजून थोडे दिवस. थोडे म्हणजे किती? थोडे म्हणजे थोडे, म्हणाला.
मी शांतपणे ऐकून घेतलं. तेलाचा डबा उलटला तो आपोआप. माझा पाय जवळ होता एवढंच.

१८ जुलै
आमच्या पंचांगातली सहाव्या महिन्याची सहावी, अंथरुणं उन्हात घालायचा दिवस. सगळ्या गल्लीने रजया उन्हात काढल्या. माझ्या सगळ्यात स्वच्छ. दोन अरुंद रजया, शेजारी शेजारी, काठाला काठ लावून घातल्या. शेन मावशी किती वेळ बघत उभी राहिली. नुसती जळते. नवऱ्याची पाटलोण नीट वाळत घालता येत नाही तिला.
कोणाला कसलाही संशय नाही. आमच्या गल्लीतली माणसं भोळी. मूर्खच म्हणा.

३ ऑगस्ट
त्साओ म्हणाला, रागावू नका, पण काल तुम्ही भोपळ्यावर ओरडलात. भोपळा कापत नव्हता, मी काय करू? तो म्हणाला, आता मी तुमचं ओरडणं ऐकून उठत नाही, तसं केलं तर एक निरोप पुरा जाणार नाही.
म्हणजे मी ओरडायचं कशाला! मी दारात मरायला बसते का! असं मी म्हटलं. हळू म्हटलं. समोरून शेन मावशी ओरडली, काय झालं गं?
उद्यापासून नक्की. त्याला वचन दिलंय.

९ सप्टेंबर
दारावर नावांचा कागद चिकटवला. नवरा, बायको, मुलगा. नवा कायदा आलाय. दहा घरांचा एक गट, कियान म्हातारा प्रमुख. एका घरात काही निघालं तर दहाही घरांना शिक्षा. मागच्या गल्लीत परवा एक घर रिकामं केलं. शेजारची नऊपण नेली. नळाजवळ बाईची एकच चप्पल पडली होती. ती कोणी उचलत नाही.
मला भीती नाही वाटत. सकाळी आबाओच्या सदऱ्याची बटणं लागेनात. बटणंच मेली गुळगुळीत.
त्साओने पुन्हा विचारलं, पानं जाळता ना? हो म्हटलं. वही तांदळाच्या मडक्यात आहे, तळाशी. ह्या आठवड्यात जाळते.

२६ सप्टेंबर, संध्याकाळी
अक्षर हलतंय ते शाईमुळे.
दुकानाला सुट्टी, दुपारी तो वर होता. मी दारात बसून पाणीवाल्याशी भांडत होते, त्याने बादली भरून दिली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी कियान म्हातारा दिसला. त्याच्या मागे दोन पोलीस. त्यांच्या मागे जपानी शिपाई, बंदुकीला सुरी.
आता ओरडायचं. ह्यासाठीच तर बसवलंय मला. मी तोंड उघडलं. आवाज नाही. हवासुद्धा नाही. सहा महिने ज्याच्यात्याच्यावर ओरडले, आणि आता घशात बूच. ते पहिल्या घरात शिरले. तिथून निघाले. पुढच्या घरात शिरले. मी हातात पाल्याची जुडी धरून तशीच उभी. पाणीवालासुद्धा घाबरून बघायला लागला माझ्याकडे.
तेवढ्यात जिना वाजला. त्साओ खाली आला, चष्मा कपाळावर, हातात आबाओची फाटकी चप्पल आणि सुई. जसा काही सकाळपासून चप्पलच शिवतोय.
नंतर मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? तो म्हणाला, तुम्ही बोलता बोलता एकदम गप्प झालात. मला वाटलं, जगबुडीच आली.
पोलिसांनी कागद बघितला, माणसं मोजली. एक जण वर जाऊन आला, डोक्याला कोळिष्टकं घेऊन. दुसरा आबाओसमोर वाकला. बाळ, तुझे बाबा कुठायत?
आबाओने त्याच्याकडे नीट बघितलं आणि हात पुढे केला. बाबा, म्हणाला.
मग तो दुसऱ्या पोलिसाकडे गेला. बाबा. मग जपानी शिपायाकडे निघाला.
माझं डोकं फिरलं. अडकलेला आवाज सगळाच्या सगळा बाहेर आला. मी आबाओला ओढला आणि त्साओवर तुटून पडले. बघा! बघा तुमचं पोर कोणाला बाप म्हणतंय! दिवसभर दुकानात, घरी आलात की वर! मांडीवर घेतलंय कधी त्याला? एक शब्द बोलता कधी माझ्याशी? मी शेगडीशी बोलते, भोपळ्याशी बोलते! तीन महिने म्हणून आणलंत मला आणि
इथे माझं मलाच कळलं की मी काय बोलतेय. पण जीभ थांबेना.
अगं ए, गप! त्साओ ओरडला. तोंड आहे की गिरणीचा भोंगा! घरी यावंसं वाटेल का माणसाला!
अगं म्हणाला. मला. सगळ्यांसमोर.
समोरच्या खिडकीतून शेन मावशी म्हणाली, साहेब, सही करा आणि निघा, हिचा पट्टा आता दिवे लागेपर्यंत चालणार. रोजचंच आहे. म्हातारा पोलीस हसला. माझ्या घरची हिची बहीण दिसते, म्हणाला. सही झाली. गेले.
हे सगळं मी ठरवूनच केलं. त्साओला तसं सांगितलं. तो आभारी आहे म्हणाला नाही. नुसतं हूं म्हणाला. नवरे म्हणतात तसं.

२७ सप्टेंबर
शेन मावशी आली. काखेत मोठी लाल रजई, तिच्या लग्नातली. दार लावून घेतलं आणि म्हणाली, पुढच्या वर्षी ही वाळत घाल. दोन अरुंद रजया काठाला काठ लावून मांडल्यास, आम्हाला काय डोळे नाहीत? नवराबायकोची रजई एक असते गं. दहाही घरांना माहीत आहे.
मी आधी कडी नीट लागली का ते बघितलं.
मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, विधवा होतीस ना? सासरहून पळालीस ह्याच्याबरोबर. असू दे. तरण्या बाईने जन्मभर काय भिंत बघायची? कियान म्हाताऱ्यालासुद्धा बजावलंय आम्ही, तोंड उघडलंस तर याद राख. पण पळालीस तर नीट पळ की! पळून येऊन वेगळी कसली झोपतेस!
मी! पळून आलेली! ज्या माणसाच्या बोटाला बोट लावलं नाही, दोनदा सोडून, आणि दोन्हीदा वाडगा देताना! इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण खरं सांगितलं तर दहा घरं जातील. मान खाली घालून हो म्हटलं. मावशी म्हणाली, लाजतेस काय.
दहा घरं. ह्यांना मी भोळी म्हणत होते.
त्साओला सांगितलं तर कानापर्यंत लाल झाला. मग हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. हसताना अगदीच कोवळा दिसतो. मी लगेच दुसरीकडे बघितलं.
रजई मोठी आहे. थंडी वाढली तर एका काठाला तो, मधे आबाओ, दुसऱ्या काठाला मी. फक्त सोय म्हणून.

१९ ऑक्टोबर
तेलवाला आला. यंत्र हलवायचं. त्साओने परवा निघायचं, एकट्याने. कुठे ते विचारायचं नाही. मी आणि आबाओ महिनाभर इथेच, नाहीतर गल्लीला शंका येईल. मग गावी, आता नक्की. गल्लीला सांगायचं की तो दुसऱ्या बाईच्या नादाने गेला. आणि दारात बसून तीन दिवस रडायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.
मला आनंदच झालाय. मार्चपासून हेच तर मागत होते. भाजीत मीठ दोनदा पडलं. मिठाचा डबाच सारखा हाताला लागतो.

२१ ऑक्टोबर, सकाळी
गेले. एक बोचकं, एक छत्री. वही जाळ, म्हणाले. जाळ. जाळा नाही.
ठरलं होतं की मागे वळून बघायचं नाही. बायको टाकून जाणारा माणूस वळत नसतो. आबाओ उंबऱ्यात उभा होता. साखर बंद होऊन सहा महिने झाले, कोणी शिकवलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, बाबा. हात पुढे केला नाही.
ते वळले. एवढी साधी गोष्ट जमत नाही ह्या माणसाला. मी ओरडले, जा ना! धोका नव्हता कसलाच.

२५ ऑक्टोबर
शेन मावशी रोज लाल घेवड्याचं सार आणते. सगळे मेले असेच जातात गं, म्हणते. काल त्यांना भामटा म्हणाली. मी तिच्याशी भांडले. हे म्हणजे ठरलं होतं त्याच्या उलटंच झालं, पण भामटा का म्हणून? ती म्हणाली, बाई गं, अजूनही? आणि सार ठेवून गेली.
पाणीवाला बादली भरून देतो. भांडायला काही शिल्लक ठेवत नाही मेला.
वही आज जाळणार होते. शेगडी चांगली पेटलेली आहे. पण पहिल्या पानावर वरती त्यांनी माझं नाव काढून दिलंय, बघून गिरवायला. ते अजून मला नीट येत नाही. आलं की जाळीन.
हुकूम तीन दिवस रडायचा होता. आज पाचवा. काम अंगात मुरलं की असं होतं.