मोठ्या बाईंचा एप्रन

२ डिसेंबर १९७४, सोमवार

मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावले. छातीत धस्स झाले, पण ते जिना चढल्यामुळे. स्वयंपाकाच्या तासाला त्या निळ्या चौकड्यांचा एप्रन घालतात, तो टेबलावर होता. पार विरलाय. म्हणाल्या, चारुशीलाबाई, अगदी असाच नवा शिवून द्या, शनिवारी तपासणीला तोच घालीन. आणि हा सांभाळून परत आणा बरं, माझ्या आईच्या हातचा आहे.

अवश्य, म्हटले. आवाज जरा चिरका आला. थंडी फार आहे.

अकरा वर्षे मी या शाळेत शिवण शिकवते. थिअरीत माझा हात धरणारे कोणी नाही. प्रॅक्टिकलचे नमुने तेवढे लकडगंजचे नत्थूजी टेलर शिवून देतात, तेही केवळ माझा वेळ वाचावा म्हणून. एप्रन उद्या त्यांच्याकडेच टाकते. प्रश्न मिटला.

३ डिसेंबर

नत्थूजींनी कापडाला हातही लावला नाही. तब्येत बरी नाही म्हणे. समोर भज्यांची पुडी होती. म्हणाले, माह्याच्यानं नाही होत हे काम, अन् तुम्ही तं स्वतःच शिवण शिकवता ना बाई, मंग एवढ्या घाबरून काहून राहिल्या? मी घाबरलेली नाही, असे दोनदा बजावले. तिसऱ्यांदा रडू आले असते म्हणून निघाले.

ठरले. स्वतः शिवणार.

४ डिसेंबर, पहाटे ५

झोप उडाली. शिवणाच्या बाईंना शिवता येत नाही हे तपासणीत कळले तर नोकरी जाईल. कळण्याचे कारण नाही, कारण मला येते. सवय नाही, एवढेच. मशीन नऊ वर्षांपासून खोलीत आहे. त्यावर फुलदाणी असते. लहानपणी बोटात सुई घुसली होती, तेव्हापासून मशीन आणि मी एकमेकांच्या वाटेला जात नाही.

संध्याकाळ

पाचवीला मीच लिहून दिले आहे: ‘अचूक नमुन्यासाठी जुना कपडा उसवावा.’ उसवला. ‘प्रत्येक तुकड्यावर खूण करावी’ हे वाक्य पान उलटल्यावर होते. आता नऊ तुकडे आहेत आणि त्यांतले चार कुठले, देव जाणे. एकावर हळदीचा जुना डाग आहे, बोटासारखा. सगळे उशीखाली ठेवले.

५ डिसेंबर

शाळेत मोठ्या बाई व्हरांड्यात दिसल्या. विज्ञानाच्या खोलीत शिरले आणि पूर्ण तासभर सांगाड्याजवळ उभी राहिले. लपले नाही. बघत होते.

घरी फुलदाणी उतरवली. दोरा तेरा वेळा तुटला. मशीन खराब आहे हे सिद्ध झाले. घरमालकीण मीराबाई डोकावून म्हणाल्या, काय वं बाई, सुई उलटी काहून लावली? मी म्हटले, नवी पद्धत आहे. त्या गेल्यावर सुई फिरवली. मशीन आपोआप दुरुस्त झाले.

६ डिसेंबर, शुक्रवार. रजा

आत्मविश्वास यावा म्हणून तपासणीसाठी ठेवलेली मोरपंखी साडी नेसूनच बसले. पॅडल मारताना डोळे मिटले. फक्त वळणावर. पण टीप पार टोकापर्यंत गेली! आनंदाने उठले तर मशीनही माझ्याबरोबर उठू लागले. पदर शिवणीत गेला होता, चांगला वीतभर.

मी ओरडले नाही असे मला वाटते, पण मीराबाई धावत आल्या. कात्रीने सोडवले. म्हणाल्या, एवढं भेव वाटते तं डोळे उघडे ठेवून शिवा ना वं.

उसवायची आता हिंमत नाही. म्हणजे वेळ नाही. पदराचा तुकडा खिशाखाली लोंबू दिला आहे. झालर म्हणून खपेल.

७ डिसेंबर, शनिवार

दुसरी बरी साडी धोब्याकडे. मोरपंखीच नेसले, पदर कमरेला गच्च खोचला.

मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर एप्रन घातला. गळ्याची पट्टी आखूड, डोके अडकले. इन्स्पेक्टरीणबाईंनी एका बाजूने ओढले, मी दुसऱ्या. तेवढ्यात माझा पदर सुटला. इन्स्पेक्टरीणबाईंनी कापलेला पदर पाहिला, खिशाखालची झालर पाहिली आणि वहीत काहीतरी लिहिले.

नंतर ऑफिसात. मोठ्या बाई म्हणाल्या, अकरा वर्षांत ही पहिली वस्तू तुम्ही स्वतः शिवली, चारुशीलाबाई. माझी पोलकी नत्थूजीच शिवतात, त्यांचा हात मला ओळखू येत नाही का? या वेळी मीच त्यांना मना केलं होतं.

मग जुना एप्रन मागितला. गाठोडे पुढे केले. त्यांनी हळदीच्या डागावरून अंगठा फिरवला, पुष्कळ वेळ. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मला फार वाईट वाटले. याला थंडीचे कारण देता येत नाही.

नोकरी राहिली. सोमवारपासून पाचवी ब च्या शिवणाच्या तासाला जायचे आहे. शिकवणार त्या वर्गाच्या वर्गशिक्षिका गोपिकाबाई. मी मुलींबरोबर बाकावर. माझा पहिला पाठ म्हणजे हे नऊ तुकडे पुन्हा जोडणे.

मुली दहा-दहा वर्षांच्या आहेत. त्यांना काजसुद्धा करता येते म्हणे.

मला भीती वाटते.