समुद्र बघून आठवतं म्हणे

ती. मथुरामावशीस,

तू पाठवलेली कादंबरी छान आहे, असं मी फोनवर म्हणाले. खरं इथे लिहितेय; हे तुला पाठवणार नाही.

कादंबरीतल्या स्मृती गेलेल्या मुलीला समुद्र दिसताच सगळं आठवतं. म्हणून अपघातानंतर मला ओळखेनाशी झालेल्या आईला मी चिपळूणहून एसटीने अंजनवेलला नेलं. धक्क्यावर ती एकदम ओरडली, "ही पोरगी मला पळवून नेतेय!"

माणसं जमली. एका कोळणीने माझं मनगट पकडलं. "कोण गो तू हिची?"

"मुलगी."

"खोटं! माझी राही दुसरीत आहे," आई रडायला लागली.

मोबाइलमधले आमचे फोटो दाखवले, तेव्हा सुटले.

परतीच्या गाडीत तिनेच माझा हात धरला. "बाय, लवकर घरी सोड गो. राही शाळेतून येईल."

"सोडते," मी म्हटलं. चिपळूण येईपर्यंत ती मला राहीबद्दल सांगत राहिली.

तुझी,
राही