नवव्या कार्डाची जागा

३० ऑगस्ट १९९२, रविवार

आलो बाई एकदाचे ब्रॅकनेलला! लंडनमधल्या पिनरच्या त्या एका खोलीतून सुटका झाली. तिथे फोडणीसुद्धा घरमालकिणीला विचारून द्यावी लागायची. इथे आपलं स्वतःचं किचन, मागे हातभर गार्डन, त्यात आधीच्या लोकांनी सोडून दिलेलं, पाखरांना दाणे ठेवायचं एक बर्ड टेबल. शशिधरचं ऑफिस बसने दहा मिनिटांवर. लग्नाला चार वर्षं झाली, पण दारावर आमचं नाव पहिल्यांदाच लागलं. नव्या घरात दूध उतू घालवलं आणि मग अर्धा तास तो इलेक्ट्रिक हॉब घासत बसले.

६ सप्टेंबर, रविवार

कार बूट सेलला, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे, पडदे आणायला गेलो होतो. पडदे राहिले बाजूला, नवऱ्याने आणला एक जुना लाकडी बॉक्स. आत काय, तर बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची कार्डं! क्रिकेटची असती तर समजले असते, याने जन्मात बेसबॉल पाहिलेला नाही. बेसबॉलच्या टीममध्ये नऊ जण असतात म्हणे, म्हणून बॉक्समध्ये नऊ खाचा, पण कार्डं आठ. तपकिरी पडलेले आठ पुरुष, नाव कुणाचंच नाही, नुसते नंबर. विकणारी म्हातारी म्हणाली, तिचा नवरा ते नववं कार्ड शोधता शोधताच गेला. तीस वर्षं जेवायच्या टेबलावर तिच्यासमोर हे आठ जणच असायचे. बॉक्स आमच्या हाती दिला आणि हसली. मला ते हसू आवडलं नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

अजून पडदे नाहीत. शशिधर ऑफिसातून आला की टेबलभर कार्डं मांडतो आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो. नवव्या कार्डासाठी पार बर्मिंगहॅमपर्यंत फोन करून झाले. मी म्हटलं, माझ्यासाठी कधी एवढी धावपळ केली होतीस? तर म्हणतो, तू कुठे हरवली होतीस. जळो ती कार्डं.

१९ सप्टेंबर, शनिवार

आज सासऱ्यांचं श्राद्ध. सकाळपासून वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं एकटीने केलं. त्यांचं पान बर्ड टेबलवर ठेवलं आणि इथला गलेलठ्ठ कावळा दोन मिनिटांत शिवला. पुण्याला त्यांच्या दहाव्याला दोन तास शिवत नव्हता. इच्छा राहिली असली की शिवत नाही. शशिधरने मोठ्याने सांगितलं, आईला मी सांभाळेन, तेव्हा कुठे शिवला. आई पुण्यात, हा ब्रॅकनेलला. चांगलंच सांभाळतोय.

जेवायचं टेबल मात्र आजही कार्डांनी अडवलेलं. तीनदा सांगितलं, उचल. ढिम्म हलला नाही. मग माझं डोकंच फिरलं. पेपर प्लेट्सचा गठ्ठा काढला, एकेका कार्डापुढे एकेक मांडली, नवव्या रिकाम्या जागेपुढेही मांडली. सगळ्यांना साग्रसंगीत वाढलं आणि हात जोडून म्हटलं, या, तुम्हीही गेलेलेच ना, बसा जेवायला. शशिधर हसत सुटला. जाऊन नवव्या जागेवर बसला आणि ती प्लेट चाटूनपुसून संपवली. गेलेल्यांच्या पंक्तीत बसून! मी अडवायला हवं होतं. रागात होते, नाही अडवलं.

संध्याकाळी बाकीच्या आठही प्लेट्स लख्ख. तो म्हणतो, तूच टाकून दिलं असशील. मी नाही टाकलं.

२१ सप्टेंबर

शशिधर दोन दिवस जेवलेला नाही. पोट भरलंय म्हणतो. त्याच्या आवडीचं भरलं वांगं केलं, हात लावला नाही. चेहरा चहासारखा तपकिरी दिसतोय. ते आठ जण आधी समोर बघायचे. आता नवव्या खाचेकडे बघतात. मला भास होत असेल.

२३ सप्टेंबर

बॉक्स नेऊन बिनमध्ये टाकला. तासाभरात परत टेबलावर. शशिधर तर वर झोपून होता — पाया पडले त्याच्या, डॉक्टरकडे चल. म्हणाला, टीम पूर्ण होत आलीय, उगाच मध्ये येऊ नकोस.

२४ सप्टेंबर

सकाळी ऑफिसला म्हणून गेला, आला नाही. ऑफिसवाले म्हणतात, सोमवारपासून फिरकलेलाच नाही. पोलिसांनी विचारलं, भांडण झालं होतं का. काय सांगू — रोजच होतं —

२५ सप्टेंबर

नवव्या खाचेत कार्ड आहे. शशिधर. ऑफिसचा निळा शर्ट, हातात बॅट. नंबर नऊ. हसतोय. लग्नाच्या फोटोतही असा हसला नव्हता मेला —

अगं बाई. काय लिहिलं मी हे.

२६ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

बर्ड टेबलवर त्याचं पान ठेवलंय. वरणभात, भरलं वांगं. जिवंत माणसाच्या पानाला कावळा शिवत नाही. नाही शिवला तर माझा नवरा आहे, कुठेतरी आहे. आणीन मी त्याला.

अकरा वाजले. कुंपणावर आठ कावळे. हलत नाहीत. नका शिवू रे बाबांनो. सगळं जग शिवा म्हणून हात जोडतं, मी नका म्हणतेय.

साडेअकरा. अजून नाही! मोठ्याने सांगतेय मी — त्याच्या इच्छा राहिल्यात, ऐकताय ना? आईला भेटायचं राहिलंय. पडदे लावायचे राहिलेत. मी राहिलेय —

खरं बोल, वैजयंती. चार वर्षांत याने जीव तोडून काय मागितलं? एकच. ते नववं कार्ड. आणि ते तर आता त्याला —

नववा आला. सरळ पानाकडे — शुक् — शुक् — नको रे, नको शि