तुलनेसाठी घेतलेली माती

मंगळवार, १ ऑक्टोबर २०२४

उत्पादन पुन्हा उतरलं. टाकीत सगळं ठीक होतं. उष्णता, हवा, ढवळणं सगळं दोनदा तपासलं. जिवाणू वाढतात, फेस येतो, वासही येतो. फक्त एन्झाइम सोडत नाहीत! टाकीवरचा सोमनाथ म्हणाला, "ताई, ह्ये पर्मनंट झाले वाटतं. आता कशाला राबतील!" तिथं हसले. खोलीवर आल्यावर हसू राहिलं नाही.

दोन वर्षं जिवाणूच्या या एका वाणावर गेली. गुण बदलावेत म्हणून यूव्ही दिव्याखाली धरायचे, बहुतेक मरायचे, उरलेल्यांतून जास्त एन्झाइम देणारे निवडायचे, पुन्हा दिव्याखाली. गेल्या वर्षी उत्पादन दुपटीवर नेलं होतं. पिढ्या गेल्या तसा तो गुण गळत गेला. राखून ठेवलेल्या कुप्या उन्हाळ्यात फ्रीजर बंद पडला तेव्हाच गेल्या. दार मी नीट लावलं होतं ना? लावलं होतं. बहुतेक.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

मोनाली मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. लॅब त्यांच्याच हाताखाली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "विशाखा, महिनाअखेरपर्यंत नवा वाण मिळाला तर पुढं जाऊ. नाही तर कातड्याचं काम बंद. तुला पॅकिंगच्या तपासणीवर टाकावं लागेल."

आमचं एन्झाइम कातड्यावरचे केस सैल करतं. एरवी त्यासाठी चुना आणि सल्फाइडचे हौद लागतात. त्यात माणसांचे हात सोलून निघतात.

मग मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "माती आणा. जिथं वर्षानुवर्षं कातडी आणि केस कुजलेत अशी जागा शोधा. केस खाऊन ज्यानं दिवस काढलेत तोच जिवाणू आपल्या कामाचा."

सोमनाथ: "तपासायला माझं डोकं घ्या मॅडम. तसंबी वर काय ऱ्हायलं नाय."

सगळे हसले. मला मात्र एक जागा माहीत आहे.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

बोलले नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

मी कशावर काम करते ते घरी माहीत नाही. "धुण्याच्या पावडरीतलं एन्झाइम" असं सांगितलंय. पहिल्या वर्षी ते खरंही होतं. मग काम बदललं, माझं सांगणं तेवढं तेच राहिलं.

नानांसमोर, माझ्या वडिलांसमोर, "कातडं" हा शब्द काढायचा कसा? आजोबा मेलेली जनावरं ओढायचे, सोलायचे. बाबासाहेबांचं ऐकून त्यांनी ते सोडलं, तर गावानं त्यांना मजुरीला बोलावणं बंद केलं. नानांनी हे मला आयुष्यात एकदाच सांगितलं. नाना अजून रबरी चप्पल घालतात. घरात चामड्याचा पट्टासुद्धा नाही.

मी लहानपणी फार आजारी असायची. तिसरीपर्यंत नानांनीच घरी शिकवलं. स्वतः मास्तर, पण मला पाटी नंतर दिली, आधी अंगणातली माती. बोटानं गिरव, हातानं पूस, पुन्हा गिरव. "चुकू दे. माती कुठं पळती?" चुकल्याबद्दल कधी ओरडले नाहीत. खोटं बोललं तर मात्र दिवसभर बोलत नसत. मारत नसत, नुसतं बोलत नसत. एकोणतीस वर्षांची झाले तरी मला त्या दिवसाचीच भीती वाटते.

आणि ती जागा? आमच्याच गावात, सिल्लोडच्या अलीकडं. ओढ्याच्या पलीकडची हाडकी. मेलेलं जनावर तिथं टाकायचे, सोलायचे. लहानपणी आम्हाला तिकडं फिरकायची बंदी होती. लॅबमध्ये सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, तुला कशी गं माहीत? सांगायची लाज नाही. पण त्यानंतर लोकांचे चेहरे एक क्षण कसे होतात, ते मला पुरतं माहीत आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

सगळ्यांचे नमुने आले. खाटीकखान्यामागची माती, कोंबड्यांच्या शेडमधली. सामान्य. मॅडम माझ्याकडं बघतात.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसऱ्याला घरी. एसटीत जागा नव्हती, फुलंब्रीपर्यंत उभी. संध्याकाळी विहारात वंदना झाली, नाना बोलले. दरवर्षी बोलतात तेच: काय सोडलं आणि का सोडलं. मी बायकांत मागं बसले होते, पिशवीत नमुन्यांच्या रिकाम्या डब्या. वर मान करवेना.

जेवताना आई म्हणाली, "लई वाळली गं. डबा खाती का तसाच आणती?" नानांनी विचारलं, "पावडरीचं कसं चाललंय?"

"चाललंय."

वरणात भात कालवत बसले.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी ओढा ओलांडून गेले. बन्सीकाका शेळ्या घेऊन उभे.

"मास्तरची पोर ना तू? हितं काय हुडकायलीस?"

"माती न्यायचीय काका. तपासायला."

"हितली? हाडकं हायत बाई, सोनं नाय."

पण जागा त्यांनीच दाखवली, बाभळीखालची. चार डब्या भरल्या. मग नियमाप्रमाणे तुलनेसाठी साधी माती हवी होती, जिथं असलं काही कधी कुजलेलं नाही अशी. म्हणून आमच्या अंगणातली घेतली. शेवग्याच्या बुंध्याशी कोपरभर खोल. डबीवर "तुलनेसाठी" लिहिलं. आईनं पाहिलंच! "आता अंगण बी नेती का शहरात?" नाना विहारात होते, तेवढंच बरं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

दुधाच्या प्लेटा उघडल्या. दूध घातलेली जेली पांढरट असते. जिवाणू एन्झाइम सोडतो तिथं दूध विरतं आणि त्याच्याभोवती निवळ कडं पडतं. जितकं रुंद कडं, तितकं एन्झाइम जास्त. हाडकीच्या मातीची कडी नखाएवढी. चारही डब्यांची तीच गत.

तुलनेच्या प्लेटवर एका ठिपक्याभोवती रुपयाएवढं कडं. आरपार हात दिसतो!

डब्यांची अदलाबदल झाली. मीच केली असणार. दुसरं काही शक्यच नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

झोप नाही. उरलेली माती पुन्हा लावली. या वेळी सोमनाथला म्हटलं, डब्यांना नंबर तू लाव, आणि कुठला कुणाचा ते मला सांगू नको.

"परीक्षा मातीची हाय का तुमची, ताई?"

माझीच.

सोमवार, २१ ऑक्टोबर

प्लेटा पाहिल्या. मग सोमनाथनं नंबर फोडले. पुन्हा अंगणच.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज खरी तपासणी. शेळीच्या कच्च्या कातड्याचा तुकडा या नव्या जिवाणूच्या पाण्यात रात्रभर ठेवला होता. सकाळी चिमटा लावला तर केस नुसते सरकत निघाले. खालचं कातडं शाबूत, कुठं भोक नाही, चरा नाही. मोजलं तर आमच्या जुन्या वाणानं भरात असताना दिलं त्याच्या तिप्पट एन्झाइम. आणि अजून यूव्ही दिवा दाखवायचाच आहे!

सोमनाथनं टाकीवर हळद-कुंकू लावायचं ठरवलं. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुठली माती?"

"आमच्या अंगणातली."

"अंगणात केस खाणारा जिवाणू? आधी काय होतं तिथं? नीट विचार घरी. कारण कळल्याशिवाय मी हे वर पाठवणार नाही."

त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण घरी विचारायचं म्हणजे आधी सांगायला हवं. आनंद व्हायला हवा ना? फक्त पाय दुखतायत.

शनिवार, २६ ऑक्टोबर

उद्या पहिल्या एसटीनं. वाक्य पाठ करून झालं, चार वेळा बदललं. आता आहे तसंच सांगणार.

रविवार, २७ ऑक्टोबर

सांगितलं. कातडं, केस, पावडरीचं खोटं, सगळं. नाना गप्प. मला वाटलं, सुरू झाला तो दिवस. मग म्हणाले, "माणसाला हात घालावा लागतो का त्यात?"

"कमी. आणि चुना नसतो, हात जळत नाहीत."

"हं." ओढ्याकडं हात करून म्हणाले, "वढ्यापल्याडची जागा नंतरची. आपण काम सोडल्यावरची. जुनी हाडकी ही." चपलेचा अंगठा अंगणात टेकवला. "माझ्या बापानं हितंच घर बांधलं."

"मुद्दाम?"

"दुसरी जागा देत कोण होतं?"

उठून आत गेले. खुरपं घेऊन आले आणि शेवग्याखाली उकिडवे बसले. "किती पायजे?"