कोट धुवायचा नाही

३ मार्च, सोमवार
लागले एकदाची कामाला! खासगी प्राणिसंग्रहालय, राहायला फाटकाजवळची खोली, आणि खिडकीसमोरच बिबट्याच्या मादीचा पिंजरा. सगळे तिला बाईसाहेब म्हणतात, आणि ते शोभतंही. दुपारी पाऊण तास नुसती बघत बसले. चालताना खांद्याची हाडं कातडीखाली वरखाली होतात, पण पावलांचा आवाज म्हणून नाही. आधीच्या राखणदाराचा जाडा कोट मला मिळालाय, कळकट आणि आंबूस. मालकांनी बजावलंय, तो घातल्याशिवाय पिंजऱ्याजवळ जायचं नाही आणि कधीही धुवायचा नाही. ओळखीच्या वासानं जनावर बिथरत नाही म्हणे. आईला कळवलं तर म्हणाली, घरी साधा रुमाल मळला तर घर डोक्यावर घेतेस!

७ मार्च
बाईसाहेबांना माझा लळा लागला! मी दिसले की ती गजांपाशी येते, कोटाच्या खिशाला नाक लावते आणि घशातून बारीक, तुटक आवाज काढते. एवढं मोठं जनावर आणि आवाज मांजरीचा. मी तर हुरळून गेलेय. पोट जड दिसतंय तिचं. पिल्लं होणार आहेत.

१२ मार्च
मूर्ख मी! मांस तोडून देणाऱ्या काकांनी आज सगळं सांगितलं. तिची पिल्लं डोळे उघडायच्या आतच या कोटाच्या खिशांत घालून बाहेर नेतात आणि विकतात. कोटाला त्यांचा वास आहे. तो आला की तिला वाटतं पिल्लं परत आली, म्हणून ती आत शिरणाऱ्यावर धावत नाही. दोनदा झालंय हे. म्हणजे मला नाही, खिशाला हाका मारत होती ती! खिसा उलटून पाहिला. पिवळट केस अजून चिकटलेत. तळपायाची आग मस्तकात गेली. मालकांना जाब विचारला, तर म्हणाले, जनावरं विसरतात.

१५ मार्च
व्याली. दोन पिल्लं. आता माझ्याकडे बघते तेव्हा पापणी लवत नाही. भीती वाटते — आणि लाज. मालक म्हणाले, उद्या आत जाऊन पिल्लं आण. हातही लावणार नाही म्हटलं. मग स्वतःच जाणारेत.
कोट मोरीत नेला. साबण लावून तीनदा धुतला, शेगडीवर वाळवला. डाग गेले नाहीत, वास गेला. सकाळी तोंडावर सांगणार, आता जा आत, हिंमत असेल तर.

१६ मार्च, सकाळ
सांगितलं नाही. तोंड उघडणार तोच म्हणाले — बघ आणि शीक. कोट चढवला. तोंडात सिगारेट, कोटाचा वास गेलाय हे कळणार कुठून. आणि खिशांत पोतेऱ्याचे तुकडे अंथरले, पिल्लांसाठी, मऊ —
मी खिडकीत. ती उठलीय. आज तो आवाज नाही. कोटाकडे बघतही नाही. गळ्याकडे —
कुलूप काढतायत. एक हाक मारली की थांबतील. खिडकी उघडीच आहे. घसा कोरडा — नाही, खोटं. घसा ठीक आहे माझा.
दार सरकलं. त्यांनी वळून हसत हात हलवला. मीही हलवला.
ती जमिनीला चिकटली. शेपटीचं टोक तेवढं — अजून वेळ आहे, आत्ता ओरडले तर — आत्ता —